दिंडीचं जुनं घर अन् त्याची डागडुजी



 मंडळींनी आम्हाला सांगितलं की बुवा, आज कीर्तन नको, भाषण करा, पुस्तकात छापायचं आहे. आता आम्ही चौथी शिकलेला माणूस. कीर्तनात आमचा सूर घसरला तर टाळकरी सावरून घेतात, मृदंगवाला एक तोड वाजवतो अन् झाकून जाते. भाषणात मागं कोणी उभं नाही. तरी विषय घराचा आहे, आणि त्या घरात आमचं आयुष्य गेलं, म्हणून बोलतो.

पुऱ्यातलं दिंडीचं घर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ज्येष्ठ महिन्यात दिंडी निघते ती तिथून. वारीहून आल्यावर पताका, वीणा, टाळांचं गाठोडं, स्वयंपाकाची भांडी, पाण्याच्या टाक्या, सगळं उतरते तेही तिथंच. एकादशीचं भजन तिथं. पण हे घर दिंडीनं बांधलेलं नाही. दिंडीच्या वयापेक्षा त्याचं वय जास्त आहे. म्हणून आधी घराचं सांगतो.

आपल्याकडं शेताला काळी म्हणतात अन् गावाला पांढरी. हे नुसतं बोलायचं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली आपली काळी माती किती खोल आहे ते विहीर खणणाऱ्याला विचारा. उन्हाळ्यात तिला अशी भेग पडते की पोराचा पाय जाईल, अन् पावसात ती फुगते. तिच्यावर भिंत उभी केली की वर्षातून दोन वेळा ती भिंत हालते. म्हणून जुन्या माणसांनी घरं पांढरीवर बांधली. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहून, घरं पडून, पुन्हा बांधून जो उंचवटा झाला ती पांढरी. तिची माती फुगत नाही, चिकट राहते, भिंतीला बरी. गावोगावच्या गढ्या लोकांनी ह्याच मातीपायी खणून नेल्या. बैलबंडी लावली अन् गढी पोखरली.

आपली भातकुली किती जुनी ते जाणते लोक सांगतात. भागवतात रुक्मिणीहरणाची कथा आहे. रुक्मी पैज लावून निघाला की बहिणीला सोडवून आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही. हारला. मग माघारी न जाता त्यानं भोजकट नावाचं गाव वसवलं अन् तिथंच राहिला. ते भोजकट म्हणजे आपली भातकुली, असं मानतात. आदिनाथाचं जैन मंदिर आपल्या गावात आहे, लांबून लांबून यात्रेकरू येतात. म्हणजे बघा, बहिणीचं माहेर कौंडण्यपूर तिकडं वर्धा नदीच्या काठी, अन् भाऊ रुसून इकडं. तिच्या माहेराहून पालखी पंढरपूरला जाते, रुसलेल्या भावाच्या गावाहून आपली दिंडी जाते. कीर्तनात हे सांगितलं की माया हसतात. भाऊ रुसला पण गाव कामी आलं.

असो. घर. आपल्या वऱ्हाडात सागवानाची मोठी घरं दिसतात ती बहुतेक कापसाच्या पैशाची. 1861 ते 1865 अमेरिकेत आपसात लढाई चालली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, अन् आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढं रेल्वे बडनेऱ्यापर्यंत आली. गाठीला चार पैसे जमले तसे शेतकऱ्यांनी मेळघाटातलं सागवान बंड्यांनी आणून घरं उठवली. आपलं घरही त्या चालीचं. दगडी जोतं, खांबाखाली दगडाचे उथळे, कडीपाटाचं छत, वर धाबं. हातभरापेक्षा जाड मातीच्या भिंती, त्यात कोनाडे, दिवळ्या, एका भिंतीत धान्याचं बळद. समोर ढाळज, मग आंगण, मग ओसरी, आत माजघर, अन् माजघराच्या पोटात देवघर. वैशाखात बाहेर ऊन असं की डोळे उघडत नाहीत, अन् आत माजघरात घोंगडं टाकून पडलं तर झोप लागते. आपल्या अमरावती-अकोल्याचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला त्या भिंतीची किंमत सांगायला नको.

घरधनीण एक विधवा बाई होती. पोटी लेकरू नव्हतं. ती स्वतः वारी करत होती. तिनं जाताना घर दिंडीला दिलं. आमच्या आज्यानं आम्हाला सांगितलं की तिनं एवढंच म्हटलं, "घराले कुलूप पाडू नका." बाकी काही मागितलं नाही, नावाची पाटी सुद्धा नाही.

ह्या गोष्टीवर आम्ही जरा थांबतो, कारण पाटीवरूनच पुढं आपल्यात भांडण झालं.

आपल्या जिल्ह्यातलेच गाडगे महाराज. शेंडगावचे. आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, आळंदी, नाशिक, अन् मुंबईत दवाखान्यात आलेल्या गोरगरिबांसाठीसुद्धा. लाखोंची इमारत उभी करायची, अन् आपण खराटा अन् फुटकं गाडगं घेऊन बाहेर. गणगोताचा हक्क त्यात ठेवला नाही. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच त्यांचा देह पडला. तीच पेढी आपल्या तालुक्यातून वाहते. आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगत, दिवसा गाव झाडायचे अन् रात्री कीर्तन करायचे. आम्ही कीर्तनकार रात्रीचंच घेतलं, दिवसाचं कोणी घेतलं नाही.

आता डागडुजीची हकिकत.

तीन पावसाळ्यांपूर्वी घराची उत्तरेकडली भिंत रात्रीतून बसली. माणूस आत नव्हता, पांडुरंगाची कृपा. सकाळी पुरा गोळा झाला. कोणी म्हणे भिंतीचं वय झालं होतं. पण वय झालं म्हणून भिंत पडत नाही हो. खांब तर तसाच उभा, तुळई हलली नाही. मग काय झालं?

पहिली गोष्ट, गल्लीचा रस्ता. जेव्हा जेव्हा सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा तेव्हा जुना न काढता त्याच्यावर नवा टाकला. आम्ही लहान होतो तेव्हा ढाळजेत जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आता रस्त्यावरून आत उतरावं लागते. जोतंच जमिनीत गेलं. गल्लीचं पाणी सरळ भिंतीच्या बुडाशी.

दुसरी, सिमेंटचा गिलावा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घर चांगलं दिसावं म्हणून मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट फासलं होतं. मातीची भिंत पाणी पिते अन् वाळते, तिचा श्वास आहे. सिमेंटनं तो कोंडला. खालून ओल चढली, बाहेर निघायला वाट नाही, आतल्या आत भिंतीचा चिखल झाला. बाहेरून पाहणाऱ्याला गिलावा टणक दिसे.

अन् तिसरी म्हणजे आपलं पाणी. आपण खारपाणपट्ट्यातले. भूगर्भातलं पाणी खारं, पिकाला देऊन पाहा, जमीन चोपण होते. तो गिलावा बोअरच्या पाण्यानं केलेला. लोणा लागला. पांढरी बुरशी आल्यासारखा खार फुटायचा, पोपडे पडायचे, अन् आपण दिवाळीला त्यावर रंग मारायचो.

मग बैठक भरली. शताब्दी जवळ आली होती. बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की घर पाडून टाकावं, स्लॅबचा हॉल बांधावा, लग्नालाही कामी येईल. देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या लावायच्या, एक एवढी मोठी, एक तेवढी, देणगीपरमाणं. आम्ही त्यांना वाईट म्हणत नाही. हॉल पाहिजे होता हे खरं. पावसाळ्यात बायकांना बसायला कोरडी जागा नव्हती. त्याच सुमारास जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. खांब, तुळया, चौकट, कोरीव महिरप, सगळं उचलून नेतो म्हणे, रोख देतो. असं सागवान आता मिळत नाही. शहरातल्या हॉटेलात, बंगल्यात लावतात. त्यानं आकडा सांगितला तसे बैठकीतले पुष्कळ जण गप्प झाले.

आपल्यातले एक निवृत्त गुरुजी उठले. त्यांनी किल्लारीची आठवण काढली. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. लातूर-धाराशिवात हजारो माणसं मातीखाली गेली. गुरुजी म्हणाले, "बुवा, दगडमातीच्या घरात तुम्ही लेकरं बसवता अन् वर धाब्याची माती. उद्या काही झालं तर?" गुरुजींचं भेव खोटं नव्हतं. आम्ही म्हटलं, गुरुजी, तिथं माणसं मेली ती जड भिंती अन् छतावरच्या मातीच्या ओझ्यानं. कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या पण लाकडी सांगाडा उभा राहिला, हेही लोकांनी पाहिलं आहे. तर आपण आधी आपल्या छतावर किती ओझं आहे ते पाहू.

पाहिलं. धाब्यावर दरसाल मिरगाच्या आधी खारी माती टाकतात, ती पाणी आत झिरपू देत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. शेतीला जी माती शाप, ती छताला वरदान. पण आपल्या लोकांनी दरसाल वर नवी टाकली, जुनी कधी काढली नाही. सब्बल घातली तर दोन हात खोल गेली! दोन हात माती डोक्यावर घेऊन ते खांब उभे होते. गुरुजींनी स्वतः टोपी काढून पाहिलं अन् म्हणाले, खांबांचा सत्कार केला पाहिजे.

पण गुरुजी तेवढ्यावर राजी झाले नाहीत, अन् ते बरं झालं. म्हणून आम्ही पाच जण एसटीनं सेवाग्रामला गेलो. वर्ध्याजवळ. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला तिथं राहायला आले. त्या गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं, अन् गांधीजींची पत्रं आपल्या गजानन महाराजांच्या शेगावला जात, म्हणून 1940 मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. अट अशी घातली होती की झोपडीला शंभर रुपयांच्या वर खर्च नको, अन् सामान आसपासचंच पाहिजे. बापूकुटी आम्ही हात लावून पाहिली. माती, बांबू, कवेलू. मीराबेननं भिंतीवर मातीचीच ताडाची झाडं उठवली आहेत. ऐंशी-नव्वद वर्षं झाली, उभी आहे. आपले तुकडोजी महाराजही 1936 मध्ये महिनाभर तिथं राहिले होते. तिथं सारवणाऱ्या बाईला आम्ही विचारलं, एवढे दिवस टिकली कशी? ती म्हणाली, "रोज हात फिरते ना दादा." बस. स्लॅब एकदा टाकला की माणूस विसरतो, मातीच्या घरी हात फिरवावा लागते. येताना गाडीत गुरुजी बोलले नाहीत. बडनेरा आल्यावर म्हणाले, ठीक आहे, पण छताचं ओझं अर्ध्याच्या खाली आलं पाहिजे अन् खांबांना आडव्या पट्ट्या ठोकल्या पाहिजेत. दोन्ही मान्य केलं. हॉलसाठी मागच्या उकिरड्याच्या जागेवर टिनाचा मांडव ठरला. व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. पाट्याही रद्द केल्या. त्या बाईची पाटी नाही तर कोणाचीच नाही, हे मायांनी ओरडून सांगितलं, म्हणून पास झालं.

आता भिंत बांधणार कोण? गावात गवंडी पुष्कळ, सगळे विटा-सिमेंटवाले. मातीची भिंत बांधणारा एकच म्हातारा उरला होता, आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याचं नाव सांगत नाही, तो इथंच बसला आहे, रागावेल.

इथं मला, म्हणजे आम्हाला, एक गोष्ट उघडी सांगायची आहे. आपल्या ढाळजेत डाव्या हाताला एक ओटा होता, ओसरीपेक्षा दीड हात खाली. सगळ्यांनी पाहिला आहे. तो सामान ठेवायला नव्हता. वारीच्या वाटेवर आपण सगळे एकमेकांच्या पाया पडत होतो, एका पंगतीत बसत होतो. चंद्रभागेत सगळे सारखे. पण गावात परत आलं, एकादशीचं भजन लागलं, की काही टाळकरी माजघरात अन् काही टाळकरी त्या ओट्यावर. तेच टाळ, तोच अभंग, मधी आंगण. आम्ही लहानपणी डोळ्यानं पाहिलं आहे. पाऊस आला तर माजघरातलं भजन चालू राहायचं अन् ओट्यावरचे लोक टाळ धोतरात गुंडाळून भिंतीला चिकटून उभे राहायचे. ह्या म्हाताऱ्याचा बाप तिथं बसायचा. गळा असा की माजघरातले लोक त्याच्या चालीवर म्हणायचे.

1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून उपोषण केलं, 1 मे ते 10 मे. तेव्हा त्यांना बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठानं. देऊळ उघडलं. गाडगेबाबांनी तर त्याच्या कितीतरी आधी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली होती, अन् पुढं ती डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पंढरपूरचं दार उघडलं, भातकुलीच्या आमच्या पुऱ्यातला ओटा तसाच राहिला. हळूहळू तिथं बसवणं बंद पडलं. कोणी बंद केलं नाही, आपसूक पडलं. ओट्यावर बसणाऱ्यांच्या पोरांनी यायचंच सोडलं, हे कारण.

म्हाताऱ्याकडं आम्ही चौघं गेलो. त्यानं ऐकून घेतलं. चहा पाजला. मग म्हणाला, "भित मी बांधून देतो बाप्पा. मजुरी नाई पायजे. पण थ्या ओट्याले मी हात लावत नाई. ज्याइनं बांधला त्याइनंच फोडा."

परतीच्या वाटेवर कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीत एकजण म्हणाला, ओटा राहू द्या, जुनी वस्तू आहे, घर जसं होतं तसं ठेवायचं म्हणता ना? आम्ही म्हटलं, खांब जुना, तो भार घेतो. बळद जुनं, ते धान्य ठेवते. ओटा कशाचा भार घेतो ते सांगा. तो मुकाट बसला. एका म्हातारीनं मात्र वेगळं सांगितलं. ती म्हणाली, फोडा, पण ते दगड बाहेर फेकू नका, नाहीतर तुमची नातवंडं म्हणतील की असं कधी नव्हतंच. आम्हाला ते पटलं.

शनिवारी सकाळी दिंडीचे पंच, विणेकरी, आम्ही, ज्यांचे बापजादे माजघरात बसायचे ते सगळे, सब्बल-घन घेऊन आलो. दगडी काम पक्कं होतं. चुन्यात गूळ अन् बेलफळ घालून केलेलं, फुटता फुटेना. साठी ओलांडलेली माणसं, कमरा गेल्या. दुपारपर्यंत ओटा निघाला. त्याचे दगड माजघराच्या उंबरठ्यापुढं पायरीला बसवले. आता माजघरात जाणारा प्रत्येक जण त्यांच्यावर पाय देऊन जातो. ढाळजेची जमीन उचलून ओसरीच्या बरोबर केली. म्हातारा दाराशी उभा राहून पाहत होता. शेवटला दगड बसल्यावर त्यानं धोतराचा काचा मारला अन् म्हणाला, "आता माती आना."

मग महिनाभर काम चाललं. पांढरी माती आणली, चाळली, गव्हाचं कुटार अन् शेण घातलं, नळाचं गोडं पाणी टाकून आठ दिवस मुरवली. बोअरचं खारं पाणी त्यानं थेंबभर येऊ दिलं नाही. रोज गारा तुडवायला पोरं यायची. मोबाईल खिशातून काढून कोनाड्यात ठेवा, असा त्याचा दंडक. एका दिवसात हातभराच्या वर भिंत चढवायची नाही, ती वाळू द्यायची, मग पुढली. आपल्या लोकांना घाई. त्याला घाई नाही. तीन पोरं त्याच्या हाताखाली शिकली, त्यातलं एक आमचं नातू आहे. भिंतीचं सिमेंट सगळं खरवडून काढलं. बाहेरून चुना, आतून मातीचा गिलावा, त्यावर मायांचा हात. जोत्याच्या बाजूनं नाली खणून गल्लीचं पाणी वळवलं. धाब्यावरची माती उतरवली, लादणीचे दोन पाट कुजले होते ते बदलले, वर लिंबाचा पाला, मग वीतभर पांढरी, मग खारी. पन्हाळं नवी बसवली. सगळा हिशेब मांडला तर स्लॅबच्या हॉलच्या अंदाजाचा चौथा हिस्साही लागला नाही. हिशेबाची वही देवघरात आहे, कोणीही पाहावी.

पहिल्या एकादशीला म्हातारा आला, माजघरात बसला. विणा त्याच्या गळ्यात घातला. तो म्हणाला मला वाजवता येत नाही, टाळ द्या. बापाची चाल त्यानं लावली. सगळ्या म्हाताऱ्यांना ती पाठ होती. आंगणाच्या पलीकडून ऐकूनच पाठ झालेली.

आता राहिलेलं काम सांगतो अन् बसतो. देवघराच्या मागच्या खोलीचे टिन अजून गळतात, तिथं कवेलू घालायचे आहेत. ज्याच्याकडं जुने कवेलू पडून असतील त्यानं आणून द्यावे, फुटके चालणार नाहीत. उत्तरेच्या भिंतीला ह्या पावसाळ्यात ओल येते का ते पाहायचं आहे, त्यासाठी दोन पोरं नेमली आहेत. अन् मिरगाच्या आधी धाब्यावर खारी टाकायची आहे. घरटी एक टोपलं. पण वर चढवायच्या आधी मागल्या सालची तेवढीच खाली उतरवायची, हे ध्यानात ठेवा. गुरुजी पट्टी घेऊन वर उभे राहणार आहेत. वीतभराच्या वर गेली की टोपलं परत.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.